पराभवाचा जाब कोणाला विचारायचा?

या वेळचे संपूर्ण सदर फुटबॉलविषयीच्या पत्रांसाठी राखून ठेवले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावजवळच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेचे दार आपल्यासाठी बंद झाले. त्या सामन्यानंतर आलेल्या पत्रांत संताप आहे, पण त्याहून अधिक आहे ती एक प्रामाणिक विचारणा : इतके झाल्यावर याचे उत्तर नेमके कोणी द्यायचे? त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी तो सामना प्रत्यक्ष मैदानात पाहिला. खालिद जमील यांना प्रशिक्षक होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. त्यांना दोष द्यावा असे मन म्हणत नाही आणि कोणालाच दोष देऊ नये असेही वाटत नाही. दोष वाटायचा तो कसा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपल्या मनाने दिलेला कौल मला योग्य वाटतो. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगटे याने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, तेव्हा सारे काही आपल्या हातात होते. मध्यंतर अगदी तोंडावर आलेले असताना साँग उई-याँगने बरोबरी साधली आणि उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल केला. तो गोल झाल्यावरही अर्ध्या तासाचा खेळ शिल्लक होता. मध्यंतराच्या आधीची ती काही मिनिटे आणि नंतरचा तो अर्धा तास ही प्रशिक्षकाच्या अखत्यारीतली बाब आहे. संघ कोणता उतरवला, आघाडी मिळाल्यावर खेळाचा वेग कसा राखला, बदली खेळाडू केव्हा आणि कोणाच्या जागी पाठवले, या प्रश्नांची उत्तरे जमील यांनीच द्यायला हवीत. ते भारतीय आहेत, कमी मानधनात काम करतात किंवा नवे आहेत म्हणून हे प्रश्न टाळणे हा त्यांचा सन्मान नव्हे. २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही देशपातळीवरची क्लब स्पर्धा जिंकून देणाऱ्या या माणसाला आपल्या कामाचा हिशेब निश्चितच देता येतो.

मात्र त्यांच्या हाती काय आले होते, तेही पाहिले पाहिजे. ते १ ऑगस्ट २०२५ रोजी नियुक्त झाले तेव्हा पात्रता फेरीतील दोन सामने होऊन गेले होते आणि भारताच्या खात्यात एकच गुण होता. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली होती आणि जूनमध्ये हाँगकाँगला भरपाई वेळेतील पेनल्टीवर ०-१ अशी हार पत्करावी लागली होती. ऑगस्टमधील शिबिरासाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत, कारण तो काळ फिफाने राष्ट्रीय संघांसाठी राखून ठेवलेल्या दिवसांत बसत नव्हता. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम जुलैमध्येच स्थगित झाला होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता आणि पुढील व्यवस्थेचा पत्ता नव्हता. हा करार डिसेंबर २०१० मधला. तो केव्हा संपणार, हे पंधरा वर्षे सर्वांना ठाऊक होते. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरसमोर उभे राहिलेले आपले अनेक खेळाडू लीगचे सामने न खेळता आले होते, याची जबाबदारी कोणत्याही प्रशिक्षकावर टाकता येणार नाही. ती ज्यांनी कॅलेंडर सांभाळायचे त्यांची आहे.

तेव्हा दोषाची वाटणी करताना माझी कसोटी साधी आहे. जो निर्णय ज्याच्या सहीने होतो, त्या निर्णयाचे उत्तर त्याने द्यायचे. फातोर्ड्याच्या त्या नव्वद मिनिटांवर जमील यांची सही आहे आणि त्याआधीच्या अठरा महिन्यांवर इतरांची.

प्रश्न : इगोर स्टिमॅच यांना काढून टाकल्यावर त्यांना कोट्यवधी रुपये द्यावे लागले, असे वाचले. संघ हरतो, प्रशिक्षक जातो आणि जाताना पैसेही घेऊन जातो. ही कसली जबाबदारी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घटनाक्रम थोडा सविस्तर सांगतो, कारण पाणी कुठे मुरते ते त्यात दिसते.

स्टिमॅच हे १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातील बचावपटू. मे २०१९ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. २०२३ च्या मध्यापर्यंत चित्र चांगले होते. दक्षिण आशियाई विजेतेपद मिळाले, आंतरखंडीय चषक मिळाला, क्रमवारीत भारत ९९ व्या स्थानापर्यंत पोहोचला. त्याच भरात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यांचा करार जून २०२६ पर्यंत वाढवण्यात आला. त्यानंतर तीनच महिन्यांनी कतारमधील आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांशीही हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत, सुनील छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, अफगाणिस्तानने आपल्याला २-१ असे हरवले. संघाला विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत नेता आले नाही तर आपण पद सोडू, असे स्टिमॅच यांनी जाहीरपणे सांगितले होते. जूनमध्ये दोह्याला कतारविरुद्ध आघाडी घेऊनही आपण १-२ असे हरलो. गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला कतारचा पहिला गोल पंचांनी मान्य केला, तो अन्याय होताच. पण त्या एका चेंडूमागे आधीच्या सहा महिन्यांचे अपयश झाकले जाणार नाही.

स्टिमॅच यांनी शब्द पाळून राजीनामा दिला नाही आणि १७ जून २०२४ रोजी महासंघाने त्यांना दूर केले. महासंघाने तीन महिन्यांचे वेतन देऊ केले, त्यांनी ते नाकारले आणि फिफाच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याचा इशारा दिला. अखेर चार लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीन कोटी छत्तीस लाख रुपये, देऊन तडजोड झाली.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. कराराची दोन वर्षे शिल्लक असताना काढून टाकलेल्या माणसाने आपले पैसे मागितले, तर त्याला फार बोल लावता येत नाही. आपल्यापैकी कोणीही तेच केले असते. राग यायचाच असेल तर तो करार वाढवणाऱ्यांचा यावा. आशियाई चषक अवघ्या तीन महिन्यांवर आलेला असताना मुदतवाढीची घाई कशासाठी केली? ठरलेला टप्पा गाठला नाही तर अमुक इतक्या भरपाईत करार संपेल, असे स्पष्ट कलम का घातले गेले नाही? त्या मसुद्याला मंजुरी कोणी दिली? मैदानावरचा एक चुकीचा पास लाखो लोक पाहतात. करारातील एक चुकीचे कलम कोणीच पाहत नाही आणि त्याची किंमत मात्र एखाद्या राज्यातील मुलांच्या लीगचा खर्च निघावा इतकी असते.

याच स्टिमॅच यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेसाठी क्लब खेळाडू सोडेनात. कसाबसा गोळा केलेला संघ चीनविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तेथे उतरला. एकत्र सराव झालेला नव्हता आणि झोपही धड झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ही मुले यजमानांसमोर उभी राहिली, मध्यंतराच्या सुमारास राहुल के. पी. याने अरुंद कोनातून बरोबरीचा देखणा गोलही केला आणि नंतर दम संपल्यावर सामना १-५ असा गेला. त्या पराभवाचा आकडा प्रशिक्षकाच्या नावावर लागला. संघाला वेळेवर विमानात बसवणे हे ज्यांचे काम होते, त्यांच्या नावावर काहीच लागले नाही.

प्रश्न : मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत या दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते. आम्हा गोवेकरांना त्यांच्याविषयी आदर आहे, पण हे मुळातच चूक नव्हते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : माझ्या मते चूक होते आणि ती चूक मार्केझ यांची नव्हती. जुलै २०२४ मध्ये त्यांची नेमणूक करतानाच २०२४-२५ चा हंगाम ते दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळतील, असे महासंघाने ठरवले होते. त्यांनी एफसी गोवाला सुपर कप जिंकून दिला. भारतासाठी मात्र आठ सामन्यांत एक विजय, चार बरोबरी आणि तीन पराभव अशी त्यांची नोंद राहिली आणि तो एकमेव विजय मालदीववर होता. क्लबचा प्रशिक्षक रोज सकाळी आपल्या खेळाडूंना पाहतो, तर राष्ट्रीय प्रशिक्षकाने देशभरातील मैदाने पालथी घालायची असतात. या दोन कामांना दोन माणसे लागतात, हे नेमणूक करणाऱ्यांना कळायला हवे होते. २ जुलै २०२५ रोजी परस्परसंमतीने ते बाजूला झाले. ही व्यवस्था कोणत्या विचाराने स्वीकारली होती आणि ती का फसली, याची सविस्तर मांडणी कार्यकारिणीने क्रीडारसिकांपुढे करायला हवी होती.

त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च २०२५ मध्ये, निवृत्त झालेल्या चाळीस वर्षांच्या छेत्रीला परत बोलवावे लागले. त्याने मालदीवविरुद्ध गोलही केला. पण त्याच्या जागी उभा राहील असा एकही आघाडीपटू दीडशे कोटींच्या देशात का तयार होत नाही? आपल्या लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकतात आणि बहुतेक क्लब त्यातली एक जागा आघाडीच्या फळीसाठी वापरतात. भारतीय मुलगा तेथे एकतर कडेला खेळतो किंवा बाकावर बसतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून? आणि हा नियम कोणताही प्रशिक्षक करत नाही.

प्रश्न : युरोपात म्हणे संघ हरला की अध्यक्षसुद्धा लगेच राजीनामा देतो. आपल्याकडे असे का होत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तेथेही ते लगेच होत नाही आणि दरवेळी होत नाही. इटलीचे उदाहरण घेऊ. १३ नोव्हेंबर २०१७ च्या रात्री मिलानच्या सान सिरो मैदानात इटलीला स्वीडनविरुद्ध गोल हवा होता. पहिला सामना ०-१ असा गेलेला असल्यामुळे बरोबरीचा काहीच उपयोग नव्हता. अशा वेळी राखीव खेळाडूंत बसलेल्या डॅनिएले दे रोस्सी या बचावात्मक मध्यरक्षकाला अंग मोकळे करायला सांगण्यात आले. तो भडकला. आपल्याला बरोबरी नको, जिंकायचे आहे, मग मला कशाला पाठवता, असे म्हणत त्याने बाजूला बसलेल्या लोरेंझो इन्सिन्ये या आक्रमक खेळाडूकडे बोट दाखवले. हे दृश्य दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. इन्सिन्ये अखेरपर्यंत मैदानात उतरला नाही, सामना गोलशून्य सुटला आणि साठ वर्षांत प्रथमच इटली विश्वचषकाबाहेर राहिली. प्रशिक्षक ज्यान पिएरो वेंतुरा यांना दोन दिवसांत काढण्यात आले. महासंघाचे अध्यक्ष कार्लो तावेक्यो मात्र आठवडाभर खुर्चीला धरून होते. आपल्या मागे पाठिंबा उरलेला नाही हे कळल्यावरच २० नोव्हेंबरला त्यांनी पद सोडले.

पुढे काय झाले, तेही लक्षात घ्या. नवे अध्यक्ष आले, नवे प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी आले, २०२१ मध्ये इटलीने युरोपचे विजेतेपदही मिळवले. आणि मार्च २०२२ मध्ये पालेर्मो येथे उत्तर मॅसेडोनियाने भरपाई वेळेतील गोलवर त्यांना पुन्हा विश्वचषकाबाहेर ठेवले. या वेळी प्रशिक्षकही राहिले आणि अध्यक्षही राहिले. माणसे बदलली म्हणून मुळातले दुखणे गेले नव्हते.

मला जर्मनीची दोन उदाहरणे जास्त बोलकी वाटतात. २००० च्या युरोपीय स्पर्धेत जर्मनी एकही सामना न जिंकता पहिल्याच फेरीत बाहेर पडली. प्रशिक्षक एरिक रिबेक गेले. पण त्याच वेळी तेथील महासंघाने आणि लीगने आपल्या यंत्रणेकडे पाहिले. पहिल्या दोन विभागांतील सर्व ३६ क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्र चालवणे बंधनकारक करण्यात आले आणि केंद्र नसेल तर खेळण्याचा परवानाही मिळणार नाही, असे ठरले. देशभर महासंघाची स्वतःची प्रशिक्षण ठाणीही उभी राहिली. २०१४ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या संघातील बरीच मुले याच व्यवस्थेतून आली होती. अधिकाऱ्यांनी जबाबदारी घेणे याचा माझ्या दृष्टीने हा अर्थ आहे.

दुसरे उदाहरण २०१८ चे. गतविजेती जर्मनी दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव पत्करून पहिल्याच फेरीत बाद झाली. योआखिम ल्योव प्रशिक्षकपदी राहिले. मात्र ऑगस्ट अखेरीस म्युनिक येथे त्यांनी पत्रकारांसमोर पराभवाची तपशीलवार चिकित्सा केली आणि चेंडू ताब्यात ठेवण्याचा खेळ परिपूर्ण करण्याच्या हट्टात आपण जवळजवळ उद्दाम झालो होतो, हे स्वतःच्या तोंडाने मान्य केले. पुढे त्यांना फार यश आले असेही नाही. २०२० मध्ये स्पेनने त्यांच्या संघाला ६-० असे धुतले. तरीही चूक कोठे झाली हे तिच्या कर्त्याने लोकांपुढे उभे राहून सांगणे मला मोलाचे वाटते. फातोर्ड्यानंतर आपल्या महासंघाच्या अध्यक्षांनी असे दोन तास पत्रकारांसमोर बसावे, अशी माझी अपेक्षा आहे. राजीनामा द्यावा की देऊ नये, हा त्यानंतरचा विषय.

प्रश्न : सरकार किंवा न्यायालय या महासंघाला सरळ बरखास्त का करत नाही? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कारण त्याचा फटका बसतो तो खेळाडूंना. महासंघाचा कारभार बाहेरच्या कोणाच्या हाती गेला, तर फिफा त्या देशावर बंदी घालू शकते. २०१० च्या विश्वचषकातील अपयशानंतर नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी आपला संघ दोन वर्षे आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून मागे घेण्याची घोषणा केली होती आणि फिफाचा इशारा येताच काही दिवसांतच ती मागे घेतली. त्याच विश्वचषकात फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकून बसमधून उतरण्यास नकार दिला होता. मायदेशी परतल्यावर महासंघाचे अध्यक्ष ज्याँ-पिएर एस्कालेत यांनी राजीनामा दिला आणि त्यांची व प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांची संसदेच्या समितीने विचारपूस केली. फिफाने तेव्हा फ्रान्सलाही हस्तक्षेपाबाबत बजावले होते.

आपल्याकडची घटना तर ताजी आहे. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांच्या तीन कारकिर्दी डिसेंबर २०२० मध्येच पूर्ण झाल्या होत्या, तरी निवडणूक झाली नव्हती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दूर करून प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफाने भारतावर बंदी घातली. त्या वेळी गोकुलम केरळ या क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परतावे लागले. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत होणारी सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धाही हातातून जाण्याच्या बेतात होती. २६ ऑगस्टला बंदी उठली आणि ती वाचली. पदाधिकाऱ्यांनी निवडणुका लांबवल्या आणि त्याची शिक्षा ताश्कंदच्या हॉटेलात बसलेल्या मुलींनी भोगली, हे मी विसरू शकत नाही.

न्यायालयाचा मार्ग व्यर्थ गेला, असे मात्र मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही फेरफारांसह मान्य केलेल्या आणि ऑक्टोबरमध्ये महासंघाने स्वीकारलेल्या नव्या घटनेत पदाधिकाऱ्यांवर अविश्वास ठराव आणण्याची तरतूद आहे, तसेच माजी खेळाडूंना, त्यात महिला खेळाडूंनाही, कारभारात स्थान आहे. ही दोन कलमे महत्त्वाची आहेत. ती वापरली जातात की नाही, यावर माझे लक्ष राहणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल सामन्यांना पाय ठेवायला जागा नसते. घरटी फुटबॉलवेडा आहे. पण दिल्लीत बसलेल्यांना जाब विचारायला आम्ही कोण? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपणच. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्याला ज्या गावचे लोक भर उन्हात पायऱ्यांवर बसतात आणि ज्या गावातून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळून पुढे वरिष्ठ भारतीय संघापर्यंत गेला, त्या गावाने स्वतःला परके समजू नये.

मते कोणाची असतात ते पाहा. महासंघाच्या अध्यक्षपदासाठी २ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीत कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाचा ३३-१ असा पराभव केला. ही ३४ मते राज्य संघटनांची होती. भारतीय फुटबॉलचा सर्वांत ओळखीचा माजी कर्णधार उभा असताना त्याला एकच मत मिळते, याचा अर्थ या निवडणुकीत चाहत्यांच्या पसंतीला काही मोल नाही. अध्यक्ष दिल्लीत बसत असले तरी त्यांना निवडणारे लोक आपल्याच राज्यात, आपल्याच जिल्ह्यांच्या पाठिंब्यावर पदावर बसलेले असतात. महासंघाला थेट जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण राज्य संघटनेच्या प्रतिनिधीला विचारण्याचा अधिकार जिल्हा संघटनेला आहे आणि जिल्हा संघटनेला विचारण्याचा अधिकार तिच्या सभासद तालमींना व क्लबांना आहे.

तेव्हा आपल्या तालमीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जिल्ह्याच्या वार्षिक सभेपुढे तीन प्रश्न लेखी ठेवावेत. राष्ट्रीय महासंघाच्या निवडणुकीत आपल्या राज्याचे मत कोणाला गेले आणि का? फातोर्ड्याच्या पराभवानंतर महासंघाच्या सभेत आपल्या प्रतिनिधीने कोणता प्रश्न उपस्थित केला? आणि या वर्षी आपल्या जिल्ह्यातील चौदा वर्षांखालील मुलांना स्पर्धेचे किती सामने खेळायला मिळाले? पहिल्या दोन प्रश्नांना कदाचित टाळाटाळीची उत्तरे मिळतील. तिसऱ्याचे उत्तर आपल्याला मैदानावर मोजता येते. ते मोजून मला अवश्य कळवा, पुढील एखाद्या अंकात आपण ते छापू.